२४० मिनिटांची वाटणी: स्टीव्ह कर बाकावरून कोच कसा झाला

बास्केटबॉलचा कोच नेमकं करतो तरी काय? टीव्हीवर पाहिलं तर एक माणूस रेषेच्या कडेला उभा असतो. तो हातवारे करतो, मधूनच पंचांवर डाफरतो आणि टाइमआउट झाला की छोट्या पाटीवर मार्करने रेघोट्या मारतो. चेंडूला हात लावायची त्याला सोय नाही. मग वर्षाला लाखो डॉलर त्याला कशाचे मिळतात?

माझं उत्तर असं की वाटणीचे. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचा सामना ४८ मिनिटांचा, कोर्टवर एका वेळी एका संघाचे पाच जण. म्हणजे कोचच्या पदरात दर सामन्याला २४० मिनिटं पडतात. संघात पंधराएक खेळाडू असतात, प्रत्येकाला जास्त मिनिटं हवी असतात आणि त्या मिनिटांवरच प्रत्येकाचा पुढचा करार ठरतो. शेतीची किंवा घराची वाटणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. डावपेच, व्हिडिओ, भाषणं हे सगळं त्याच्या पुढचं.

ही वाटणी समजून घ्यायला मी स्टीव्ह कर याचं उदाहरण घेतो. (आडनाव मराठीत वाचताना कुणीतरी कामाला लावतंय असं वाटतं, म्हणून इथे नुसतं स्टीव्हच म्हणू.) खेळाडू म्हणून त्याच्या नावावर एनबीएची पाच विजेतेपदं आहेत, कोच म्हणून चार. पण मला त्याच्याबद्दलचा वेगळाच आकडा जास्त बोलका वाटतो. साखळी फेरीचे ९१० सामने तो खेळला आणि त्यातल्या फक्त ३० सामन्यांत सुरुवातीच्या पाचात होता. उरलेले सगळे सामने त्याने बाकावर बसून सुरू होताना पाहिले.

त्याचा जन्म १९६५चा, बैरुतमधला. वडील माल्कम कर मध्यपूर्वेच्या राजकारणाचे अभ्यासक होते आणि पुढे बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १८ जानेवारी १९८४ रोजी त्यांच्या कार्यालयाबाहेर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. स्टीव्ह तेव्हा १८ वर्षांचा होता, अ‍ॅरिझोना विद्यापीठात पहिल्या वर्षाला. दोनच दिवसांनी तो सामना खेळायला उतरला. पुढे १९८८मध्ये प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या काही टवाळांनी त्याच वडिलांच्या मृत्यूवरून त्याला डिवचलं, तेव्हा त्याने पहिल्या अर्ध्यात सहाच्या सहा तीन गुणांचे, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारायचे, शॉट घातले. या माणसाचा शांतपणा अनेकांना स्वभावाचा भाग वाटतो. मला तो कमावलेला वाटतो.

एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात, त्यात त्याला घेतलं ते ५०व्या क्रमांकावर. उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे आपल्याकडे दारात वाकावं लागेल इतकी, पण त्या लीगमध्ये सर्वसाधारण. वेग बेताचा, उडी बेताची. कॉलेजात असताना गुडघाही मोठा दुखावला होता. त्याच्याकडे एकच गोष्ट होती: मोकळा सोडला तर तो चुकत नसे. तीन गुणांच्या शॉटमधली त्याची कारकिर्दीची टक्केवारी ४५.४ आहे आणि एनबीएच्या इतिहासात ती सर्वांत वरची आहे. चाहत्यांना आवडणार नाही अशी एक पुस्ती इथे जोडतो. १९९४-९५च्या हंगामात त्याने ५२.४ टक्के गाठले, तो तेव्हाचा विक्रम होता. पण त्या हंगामापासून तीन वर्षं लीगने तीन गुणांची रेषा चांगली पावणेदोन फूट आत आणली होती. तरीही कारकिर्दीची बेरीज बेरीजच आहे.

फिनिक्स, क्लीव्हलँड, ओरलँडो असं फिरत तो १९९३मध्ये शिकागो बुल्समध्ये आला आणि तिथून त्याची खरी शाळा सुरू झाली. फिल जॅक्सन हा कोच, आणि त्याचा 'ट्रँगल' नावाचा खेळ. ट्रँगल म्हणजे कोर्टच्या एका बाजूला तिघांनी त्रिकोण करून उभं राहायचं, दुसऱ्या बाजूला दोघांनी. कुठे पास द्यायचा हे पाटीवर आधी ठरवायचं नाही. समोरचा बचाव जिथे सरकेल त्याच्या उलट दिशेला चेंडू जायचा. या पद्धतीत चेंडू नसलेल्या चौघांनाही सतत डोकं चालवावं लागतं. उडी नसलेल्या पण डोळे उघडे असलेल्या माणसासाठी हा खेळ बेतून शिवल्यासारखा होता.

याचा अर्थ एका शॉटमध्ये दिसतो. १३ जून १९९७, युटाविरुद्ध अंतिम मालिकेचा सहावा सामना (सातातले चार आधी जिंकेल तो विजेता). ८६-८६ अशी बरोबरी, अर्ध्या मिनिटाच्या आत वेळ शिल्लक, टाइमआउट. चेंडू मायकेल जॉर्डनकडे जाणार हे स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्यालाही ठाऊक होतं. बाकावर बसल्या बसल्या जॉर्डनने स्टीव्हला सांगितलं, तुझ्यावरचा माणूस माझ्याकडे धावून येईल, तयार राहा. स्टीव्हवर होता जॉन स्टॉकटन. जॉर्डनकडे चेंडू आला आणि स्टॉकटन स्टीव्हला सोडून त्याच्याकडे झेपावला. एकावर दोघं, यालाच डबल टीम म्हणतात. डबल टीम केली की कुठेतरी एक जण मोकळा राहणारच, हे साधं गणित. जॉर्डनने पास दिला, स्टीव्हने साधारण सतरा फुटांवरून शॉट घातला, घड्याळात पाच सेकंद उरले. बुल्सने विजेतेपद जिंकलं.

हा शॉट लोक 'हिंमत' म्हणून सांगतात. मला त्यात कोचिंग दिसतं. त्या क्षणासाठी सातव्या-आठव्या क्रमांकाच्या खेळाडूचे हात गरम असावे लागतात आणि ते तेव्हाच असतात जेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरच्या बिनमहत्त्वाच्या सामन्यांतही कोचने त्याला न चुकता मिनिटं दिलेली असतात. जॅक्सन ती देत असे. स्टीव्ह ते घेणाऱ्याच्या बाजूने शिकला.

पुढे तो सॅन अँटोनिओला कोच ग्रेग पोपोविचकडे गेला. तिथे १९९९मध्ये आणि मधलं एक वर्ष पोर्टलंडला काढून परत आल्यावर २००३मध्ये विजेतेपद मिळालं. २००३ साली तो ३७ वर्षांचा होता आणि बाद फेरीत जवळजवळ खेळलाच नव्हता. डॅलसविरुद्धच्या सहाव्या सामन्यात संघ मागे पडला, नेहमी चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा टोनी पार्कर आजारी, म्हणून स्टीव्हला उठवलं. त्याने तीन गुणांचे चार शॉट मारले, चारही आत. बारा गुण. सामना फिरला. त्यानंतर त्याने निवृत्ती घेतली.

इथून थेट कोच झाला असता तर गोष्ट सरळ झाली असती. तसं घडलं नाही. आधी समालोचन, मग २००७ ते २०१० फिनिक्स सन्सचा जनरल मॅनेजर. जनरल मॅनेजर म्हणजे खेळाडू आणणारा-विकणारा, कोच नेमणारा माणूस. सन्स तेव्हा लीगमधला सर्वांत वेगवान, बघायला झकास असा संघ होता. फेब्रुवारी २००८मध्ये स्टीव्हने त्या संघात शकील ओनील आणला. ओनील थोरच, पण तेव्हा ३५ वर्षांचा आणि अंगाने अवजड. धावत्या घोड्यांच्या जोडीला हत्ती जुंपल्यासारखं झालं. संघ पहिल्याच फेरीत बाद झाला, कोच माइक डँटोनी न्यू यॉर्कला निघून गेला. स्टीव्हने नेमलेला पुढचा कोच एक हंगामही टिकला नाही. त्याच्या जागी आलेल्या अल्विन जेंट्रीने २०१०मध्ये संघाला पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं, तोवर स्टीव्हचं मन तिथून उठलं होतं. या तीन वर्षांकडे कौतुकाच्या लेखांत चटकन पाठ फिरवतात. पण ओनीलचा व्यवहार कागदावर पाहिला तर चुकीचा नव्हता, खेळाच्या चालीत तो बसला नाही. माणूस चांगला असणं आणि त्या संघात मावणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे स्टीव्ह स्वतःच्या चुकीतून शिकला.

पुन्हा चार वर्षं समालोचन. ते करताना देशभरच्या कोचांचे सराव जवळून बघायला मिळतात, त्यांच्याशी गप्पा होतात. तो टिपणं काढत राहिला. मे २०१४मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या मालकांना भेटताना त्याने आपण संघ कसा चालवू याचं बारीक टिपण पुढे ठेवलं, सहायक म्हणून कोण हवेत त्या नावांसकट. त्याआधी न्यू यॉर्क निक्सचा कारभार बघणाऱ्या फिल जॅक्सनकडे कोच म्हणून जायचं जवळपास ठरलं होतं. गुरूला नाही म्हणणं सोपं गेलं नसणार.

कोच म्हणून अनुभव शून्य. आणि वॉरियर्स काही पडका वाडा नव्हता, आधीच्या हंगामात त्यांनी ५१ सामने जिंकले होते. बचाव उत्तम, स्टेफन करी आणि क्ले थॉम्पसन असे दोन जबरदस्त नेमबाज. पण एक विचित्र गोष्ट होती: पास देण्यात हा संघ लीगमध्ये तळाला होता. करी चेंडू घेऊन यायचा, एक जण स्क्रीन लावायचा, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा, आणि पुढचं सगळं करीने बघायचं. स्टीव्हने सामन्याला ३०० पासचं लक्ष्य ठेवलं.

तीनशेच का? आकड्यात जादू नाही. त्यामागची चाल बघा. करी चेंडू संघातल्याच ड्रेमंड ग्रीनला देतो आणि रिंगकडे न धावता थॉम्पसनकडे जातो. जगातला सर्वोत्तम नेमबाज चक्क दुसऱ्यासाठी स्क्रीन लावतो. आता दोघांवरच्या दोन बचावपटूंना क्षणात ठरवायचं असतं, कोण कुणाला धरणार. दोघेही करीकडे गेले तर थॉम्पसन मोकळा. दोघेही थॉम्पसनकडे गेले तर करी मागे सरकून तीन गुणांच्या रेषेवर मोकळा. बरोबर वाटून घेतलं तरी बोलण्यात अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्यात एक जण रिंगखाली पोहोचतो. चेंडू हातात नसलेला करीच सगळ्यांत जास्त धोकादायक, ही मेख स्टीव्हला दिसली. त्यात जॅक्सनचा त्रिकोण होता, पोपोविचचं सततचं फिरणं होतं आणि स्वतःच्या शॉटची आठवण होती. स्टॉकटन जॉर्डनकडे का धावला, हाच प्रश्न उलटा घातलेला.

आता मिनिटांकडे येऊ. आंद्रे इग्वाडाला हा नावाजलेला खेळाडू, आधीच्या दहा वर्षांत एकही सामना त्याने बाकावरून सुरू केला नव्हता. स्टीव्हने त्याला राखीव फळीत बसवलं. संघातला सर्वांत जास्त पगाराचा खेळाडू डेव्हिड ली, त्याची जागा ड्रेमंड ग्रीनने घेतली. या दोघांना हे सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन कशामुळे आलं असेल? त्याने स्वतः सरासरी अठरा मिनिटांवर पंधरा हंगाम काढले होते आणि विजेत्यांना मिळणाऱ्या पाच अंगठ्या मिळवल्या होत्या. मोठा तारा राहिलेला कोच हे तितक्या सहज सांगू शकत नाही. त्याला बाक म्हणजे शिक्षा वाटते आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

२०१५च्या अंतिम मालिकेत वॉरियर्स क्लीव्हलँडविरुद्ध १-२ असे मागे होते. निक उरेन नावाचा एक तरुण सहायक रात्री जुने सामने बघत बसला होता. त्याला सुचलं की उंच सेंटर, म्हणजे रिंगखालची जागा सांभाळणारा, अँड्र्यू बोगटला बसवावं आणि इग्वाडालाला सुरुवातीपासून घ्यावं. म्हणजे साडेसहा फुटी ग्रीन सेंटर. आपल्या नजरेला उंच, पण समोर सात फुटी माणूस. स्टीव्हने ऐकलं. सामन्याआधी पत्रकारांना त्याने संघात बदल नाही असं चक्क खोटं सांगितलं आणि नंतर तसं कबूलही केलं. सुरुवातीलाच ०-७ अशी पिछाडी पडली, पण त्याने बदल मागे घेतला नाही. सामना १०३-८२ असा जिंकला, पुढचे दोनही जिंकले, ४० वर्षांनी विजेतेपद आलं. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला इग्वाडाला. आणि पत्रकार परिषदेत स्टीव्हने कल्पनेचं श्रेय उरेनला नाव घेऊन दिलं. वरिष्ठांनी खालच्याचं नाव घेण्याचा प्रसंग आपल्या कचेऱ्यांत किती वेळा येतो ते ज्याचं त्याने आठवावं.

त्यानंतर पाठीची शस्त्रक्रिया बिघडली, पाठीच्या कण्यातल्या द्रवाची गळती सुरू झाली आणि २०१५-१६चे पहिले ४३ सामने स्टीव्ह कडेला उभाच राहू शकला नाही. सहायक ल्यूक वॉल्टनने संघ सांभाळला, ३९ जिंकले, चार हरले. नियमाप्रमाणे हे सगळे विजय नोंदीत स्टीव्हच्या खात्यात गेले. हंगाम ७३ विजय, ९ पराभव असा संपला, हा साखळी फेरीतला विक्रम. पण अंतिम मालिकेत ३-१ आघाडी घेऊन ते हरले. २०१७च्या बाद फेरीत पुन्हा दुखणं उलटलं, तेव्हा माइक ब्राउनने धुरा घेतली, आणि त्या वर्षी विजेतेपद आलं.

इथे मुंबईचा एक धागा जुळतो. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१० ते २०१३ वॉरियर्सचे भागीदार होते, मग त्यांनी तो हिस्सा विकून सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेतला. स्टीव्हच्या जागी उभे राहिलेले दोघेही पुढे त्यांच्याच संघाचे मुख्य कोच झाले: आधी वॉल्टन, मग ब्राउन. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले, तेव्हा किंग्जच्या बाकाशेजारी उभा होता तो हाच ३९-४वाला वॉल्टन. मुंबईत मात्र दोन्ही सामने तो हरला. एका संघात जमलेली पद्धत दुसरीकडे उचलून नेता येतेच असं नाही.

म्हणूनच 'करीसारखा खेळाडू असला की कुणीही जिंकेल' हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. २०१९-२०मध्ये संघातला दुसरा मोठा तारा केविन ड्युरंट सोडून गेला, थॉम्पसन दुखापतीने बाहेर, चौथ्याच सामन्यात करीचा हात मोडला. वॉरियर्स १५-५०, लीगमध्ये शेवटचे. कोच तोच, पाटी तीच. पण त्याच गाळातून उठून २०२२मध्ये बोस्टनला हरवून चौथं विजेतेपद आलं, तेही खरं.

माणसं हाताळण्याच्या बाबतीत मला दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवावेसे वाटतात. १९९५च्या सराव शिबिरात जॉर्डन आणि स्टीव्ह यांची जुंपली आणि जॉर्डनने त्याच्या डोळ्यावर ठोसा मारला. जॉर्डनने नंतर फोन करून माफी मागितली. स्टीव्ह मागे हटला नाही म्हणून जॉर्डनचा त्याच्यावर विश्वास बसला, असं दोघांच्या सांगण्यात येतं. दोन वर्षांनंतरच्या त्या पासची मुळं इथे शोधतात. आता ऑक्टोबर २०२२. वॉरियर्सच्या सरावात ड्रेमंड ग्रीनने तरुण जॉर्डन पूलला ठोसा मारला. त्याची चित्रफीत बाहेर फुटली, साऱ्या जगाने पाहिली. स्वतः असा ठोसा खाल्लेला माणूस आता कोचच्या खुर्चीत. ग्रीनला दंड झाला, काही दिवस तो दूर राहिला, पण निलंबन नाही. हा आपल्या काळातला सर्वांत मोठा पेचप्रसंग असल्याचं स्टीव्हने मान्य केलं. ती जखम भरली नाही. संघ त्या हंगामात दुसऱ्या फेरीत बाद झाला आणि उन्हाळ्यात पूलला वॉशिंग्टनला धाडलं. स्वतःच्या अनुभवावर विसंबून त्याने हे जरा हलक्यात घेतलं असावं, असं मला वाटतं. १९९५ साली सरावाच्या हॉलचं दार बंद होतं. २०२२मध्ये प्रत्येक घरात तो ठोसा वाजला.

उलट फेब्रुवारी २०१८चा एक प्रसंग. जिंकून जिंकून संघ सुस्तावला होता, स्टीव्हचा आवाज त्यांच्या कानांवर आदळून परत येत होता. फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात त्याने पाटी आणि मार्कर खेळाडूंच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला झाला. टाइमआउटमध्ये इग्वाडाला चाल आखतोय, ग्रीन आखतोय, कोच मागे उभा. १२९-८३ने जिंकले. समोरच्यांना तो अपमान वाटला, काहींनी टीकाही केली. शिक्षकांना ही युक्ती ओळखीची वाटेल: वर्ग ऐकेनासा झाला की एका पोराला फळ्याजवळ बोलवायचं.

२०२४च्या ऑलिम्पिकमध्ये स्टीव्ह अमेरिकेच्या संघाचा कोच होता. तिथे सामना ४० मिनिटांचा, म्हणजे वाटायला २००च मिनिटं, आणि बारा जण, बहुतेक सगळे आपापल्या संघाचे राजे. सर्बियाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात जेसन टेटमला एक मिनिटही मिळालं नाही. टेटम म्हणजे सहा आठवड्यांपूर्वी बोस्टनबरोबर एनबीए जिंकून आलेला तारा. अशा खेळाडूला बसवून ठेवताना आपल्यालाच वेड्यासारखं वाटलं, अशा अर्थाचं स्टीव्ह बोलला. पुढच्या सामन्यात टेटम सुरुवातीच्या पाचात होता आणि जोएल एंबीड बाकावर. उपांत्य फेरीत पुन्हा सर्बिया, टेटम पुन्हा शून्य मिनिटं. अमेरिका बराच वेळ मागे होती, ९५-९१ने कसाबसा सामना काढला, करीचे ३६ गुण. अंतिम सामन्यात फ्रान्सला ९८-८७ने हरवून सुवर्ण. टेटमला त्या रात्री थोडी मिनिटं मिळाली.